सरकारी बोट आणि आमची पाचावर धारण

भीतीचे किस्से साठतात कसे, सांगू? माणूस ते घरी सांगत नाही म्हणून साठतात! हसण्यासारखं काही घडलं तर आपण त्याच दिवशी जेवताना बायकोला सांगून मोकळे होतो. पण ‘आज मी मरता मरता वाचलो’ असं सांगितलं की दुसऱ्या दिवशी ती डबाच भरून देत नाही. नोकरी टिकवायची तर तोंड शिवून ठेवावं लागतं. माझ्याकडे असा कित्येक वर्षांचा माल तुंबून आहे. आता नोकरीही नाही आणि अडवणारीही राहिली नाही. तेव्हा चहा सांगा, मी सुरू करतो.

जागा सिरोंचा. गावाला लागून प्राणहिता नदी. अलीकडच्या काठाला आमचा चांदा जिल्हा, पलीकडे तेव्हाचं हैदराबाद राज्य. पावसाळ्यात नाले भरले की रस्ते बंद. म्हणून सरकारनं आमच्या जंगल खात्याला एक मोटरबोट दिली. मागं इंजिन, इंजिनाला एक दांडा, दांडा ज्याच्या हातात तो चालक. आवाज असा की काठावरची गुरं दावं तोडून पळायची. लोक तिला ‘पान्यातली फटफटी’ म्हणत.

त्या फटफटीभोवती आम्ही चौघं. सबनीस साहेब म्हणजे आमचे अधिकारी, अमरावतीकडचे, स्वभावानं देवमाणूस. पण वरून आलेल्या पत्राला वाघापेक्षा जास्त भिणारे. वासेकर बाबू हेडक्लार्क. पोचम नावाडी; त्याच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या मासेमारी, घरात तेलुगू आणि आमच्याशी मराठी. चौथा मी, चालक. सगळे मला ‘डायवर भाऊ’ म्हणत.

*

बोटीच्या आधी बोटीचे नियम आले! चांगला जाडजूड गठ्ठा, सगळा इंग्रजीत. साहेबांनी आम्हाला घाटावर उभं केलं आणि एकेक कलम मराठीत सांगायला सुरुवात केली.

‘बोट ही सरकारची मालमत्ता आहे. तिच्यात फक्त सरकारी माणूस बसेल, तोही सरकारी कामासाठी. लेखी हुकूम असल्याशिवाय ती पाण्यात उतरवायची नाही. इंजिनाला चालकाखेरीज कोणी हात लावायचा नाही. आपल्या राज्याच्या हद्दीबाहेर न्यायची नाही. खाजगी वापर केला तर चौकशी. नुकसान झालं तर चौकशी. हरवली तर...’

‘चौकशी,’ वासेकर बाबू हळूच म्हणाले.

पोचम डोकं खाजवत उभा होता.

‘साहेब, बोट सरकारची, हे समजलं. अन् नदी?’

साहेबांनी सगळी पानं उलटीसुलटी करून पाहिली. ‘नदीबद्दल यात काही नाही.’

पोचमनं नदीकडे तोंड करून हात जोडले. ‘मंग तिलेच इचारा लागते!’

आता खरी गंमत ऐका. मी बल्लारशाकडं कोळशाच्या खाणीत पंपावर होतो. इंजिन म्हणाल तर डोळे मिटून खोलून जोडीन. पण पोहणं? शून्य! एवढ्या जाड गठ्ठ्यात ‘चालकाला पोहता यावं’ असं कुठंही लिहिलेलं नव्हतं, आणि मला कोणी विचारलंही नाही. पहिल्या फेरीला बोट काठापासून सुटली, खालचं पाणी हिरव्याचं काळं झालं, आणि मी दांडा असा आवळून धरला की बोटं पांढरी पडली.

पोचम पुढून ओरडला, ‘डायवर भाऊ, तुमी दांड्याले धरलं का दांड्यानं तुमाले धरलं?’

*

उन्हाळ्यात नदी उतरते आणि मधेमधे वाळूची बेटं उघडी पडतात. अशाच एका बेटाजवळ बोट अडकली. पंख्यात शेवाळ आणि जाळ्याचा तुकडा अडकला होता. कुणीतरी खाली उतरून तो काढायला हवा होता.

पोचम उतरायला निघाला, तर साहेबांनी त्याला थांबवलं. ‘इंजिनाला चालकाखेरीज कोणी हात लावायचा नाही.’

मी बेटाकडे पाहिलं. तिथं वाळूवर पाच-सहा काळपट लांबोळकी धूडं पडलेली.

‘साहेब, त्या मगरी...’

‘छे छे! ओंडके आहेत ते. वरून वाहत आले असतील. खात्याचंच सागवान असणार.’

साहेबांचा आवाज ठाम होता. पण पाय त्यांनी केव्हाच वर, फळीवर घेतलेले! मी उतरलो. कंबरभर पाणी. पायाखालची वाळू सरकत होती. एका हातानं बोट धरलेली, दुसऱ्या हातानं जाळं सोडवतोय, आणि डोळे बेटावर. गाठ सुटेना. दातानं तोडावं म्हटलं तर तोंड पाण्यात घालावं लागणार, आणि तोंड पाण्यात घातलं तर बेट दिसणार नाही! जाळं पिरगाळून ओढत राहिलो. बोटं कापली, पाण्यात थोडं रक्त गेलं. ते रक्त पाहून तर माझ्या काळजाचं पाणीच झालं.

तेवढ्यात पोचम बांबू आपटत ओरडला, ‘मोसली! मोसली! डायवर भाऊ, वर या!’

तेलुगूत मगरीला मोसली म्हणतात, हे मला त्या दिवसापर्यंत ठाऊक नव्हतं, पण अर्थ बरोबर पोचला. बोटीत कसा चढलो ते आजही आठवत नाही. वळून पाहिलं तर सगळ्यात मोठ्या ओंडक्यानं सावकाश जबडा उघडला होता.

पोचम साहेबांना म्हणाला, ‘साहेब, आपल्या खात्याचं सागवान जांभई देऊन राह्यलं!’

*

एकदा चांद्याहून बडे साहेब आले. सोबत बायको आणि सासू. सासूबाईंना संगमावर स्नान करायचं होतं. प्राणहिता गोदावरीला मिळते तो संगम, बोटीनं गेलं तर जवळच.

आमचे साहेब दोन्हीकडून अडकले. नियम म्हणतो खाजगी वापर नाही. बडे साहेब म्हणतात बोट काढा! घामानं त्यांचा शर्ट भिजला. शेवटी वासेकर बाबूंनी तोड काढली. ‘साहेब, स्नान नाई म्हनाचं. संगमाची पाहणी म्हनाचं. सासूबाई पाहणी करतीन!’

पाहणी झाली, डबे सुटले, सगळे खुशीत परत निघाले. वैशाखाचे दिवस. अर्ध्या वाटेत आभाळ एकदम तांबडं झालं. वावटळ कशी आली कळलंच नाही. वाळू डोळ्यांत, लाटा आडव्या, बोट एका अंगाला कलली की पाणी आत. मी दांडा धरून बोटीचं तोंड वाऱ्याकडे ठेवायचा प्रयत्न करत होतो आणि दांडा माझ्या हातातून निसटू पाहत होता. सासूबाईंनी सबनीस साहेबांच्या गळ्याला मिठी मारली आणि मोठ्यानं कुलदैवताला नवस बोलायला लागल्या. बडे साहेब सदऱ्यासकट भिजलेले, ओठ निळे.

‘सबनीस!’ ते वाऱ्यात ओरडले, ‘बोटीबरोबर लाइफबेल्ट दिले होते ना?’

‘हो साहेब!’

‘कुठं आहेत?’

गळ्यातली मिठी सैल करत साहेब म्हणाले, ‘ऑफिसात साहेब! हरवू नयेत म्हणून नियमाप्रमाणे कुलपात ठेवलेत!’

*

आणखी एक. श्रावणातला दिवस, नदी दुथडी. आम्ही काठाकाठानं वरच्या गावाला निघालो होतो. साहेब, पोचम आणि मी. एका वळणावर मधल्या धारेकडे ओढले गेलो, तोच इंजिन खोकललं आणि बंद पडलं. दोरी ओढली. पुन्हा ओढली. काही नाही.

आता इंजिन बंद पडल्यावर काय होतं ते सांगतो. आधी शांतता होते. एवढा वेळ जो आवाज कानात असतो तो गेला की नदीचा आवाज ऐकू यायला लागतो, आणि तेव्हा कळतं की तो सगळ्यात मोठा आवाज होता! काठ सरकायला लागला. खाली खडकांची रांग होती. पुरात खडक दिसत नाहीत, फक्त पांढरं पाणी उसळताना दिसतं. पोचमनं बांबू खाली घातला. बांबू पूर्ण गेला, त्याचा हातही खांद्यापर्यंत गेला.

‘बूड लागून नाई राह्यलं, साहेब!’

साहेबांनी डोळे मिटले. मी इंजिनाचं झाकण काढून तेलाची नळी फुंकत होतो. ओठ इतके थरथरत होते की फुंकर नळीत जायच्याऐवजी बाहेरच जायची. पांढरं पाणी एवढं जवळ आलं की तोंडावर तुषार उडाले. पोचम बांबूनं पाणी मारत राहिला, आणि देवाची करणी म्हणा, एका भोवऱ्यानं आम्हाला फिरवून पलीकडच्या काठाच्या संथ पाण्यात फेकलं.

मी काठावर उडी मारली आणि चिखलात लोळलो. एवढा चांगला चिखल मी जन्मात पाहिला नाही! तोच काठी आपटत तिथला शिपाई आला. बोटीवरची पाटी पाहून तो तेलुगूत तावातावानं बोलायला लागला.

‘काय म्हणतो?’ साहेब बोटीतूनच विचारायला लागले.

पोचम म्हणाला, ‘हा म्हनते, दुसऱ्या राज्याची सरकारी बोट इकडं काऊन आली? त्याचा अंमलदार येते सांजेले, तवरीक बोट सोडत नाई.’

सुदैवानं पोचमची सासुरवाडी त्याच गावात होती. आम्ही दोघं तिथं जाऊन गरम भात आणि माशाचं कालवण जेवलो. साहेब काही केल्या उतरेनात. त्यांना आणायला मी परत गेलो तर पावसात, डोक्यावर घमेलं धरून, तसेच बसलेले.

‘साहेब, दोन घास खाऊन घ्या.’

‘अहो कसा येऊ? बोटीत आहे तोवर मी आपल्या सरकारच्या मालमत्तेवर आहे. खाली पाय टाकला की परराज्यात! आणि मी रजेचा अर्ज दिलेला नाही!’

*

त्याच्या पुढच्या पावसाळ्यातली गोष्ट. इंद्रावती नदीच्या अंगाला एका गावात धान्य पोचवून आम्ही परत निघालो होतो. साहेब दौऱ्यावर, म्हणून सगळी जबाबदारी वासेकर बाबूंवर. बोट सुटणार एवढ्यात जंगलातून चार माणसं बाज घेऊन धावत आली. बाजेवर एक तरणी बाई. तिचा नवरा लालसू, सोबत सोमीबाई नावाची म्हातारी सुईण. बाळंतपण अडलं होतं. सिरोंच्याच्या दवाखान्यात पोचली तर वाचेल, नाहीतर नाही. रस्ता नाल्यांनी तोडलेला.

वासेकर बाबूंना घरी पाच पोरं. ते पांढरे पडले. ‘बाई, बोटीत सरकारी मानसाशिवाय कोनाले बसवता येत नाई. माही नोकरी जाईन.’

बाजेवरची बाई ओरडली. असा आवाज मी मगरीच्या वेळीही काढला नव्हता. लालसू बाबूंच्या पायाशी बसून राहिला, पाय मात्र धरले नाहीत. नुसता त्यांच्या तोंडाकडे बघत होता.

बाबूंनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग एकदम ओरडले, ‘पोचम, कागद आन! नियमात रोजंदारी मजूर बसते! आजच्या दिवसाले हे बाई सरकारी मजूर. अंगठा घ्या तिचा!’

पावसात कागद भिजत होता. नाव लिहिलं, गाव लिहिलं आणि ते अडले.

‘अन् काम? कामाच्या रकान्यात काय लिहू?’

सोमीबाई पहिल्यांदाच बोलली. ‘जे करून राह्यली थेच लिहा!’

त्या फेरीत मी बोट जेवढी पळवली तेवढी पुन्हा कधी पळवली नाही. पाण्यात वाहून आलेली झाडं दिसायची आणि मागं जायची. मी एकदाही मागं वळून पाहिलं नाही, पाहायची छातीच नव्हती. फक्त कान मागं. ओरडणं चालू आहे तोवर ती जिवंत आहे, एवढाच हिशेब. घाटाच्या जरा अलीकडे ओरडणं थांबलं. मग दुसराच आवाज आला, बारीक, चिरका. आई आणि पोर दोघंही वाचली. पोरगा झाला.

लालसूनं त्याचं नाव काय ठेवलं माहीत आहे? वासेकर!

*

मग राज्यं बदलली. आम्ही झोपलो मध्य प्रदेशात आणि उठलो मुंबई राज्यात! पलीकडचं हैदराबादही गेलं, तिथं आंध्र झालं. माणसांचं काही नाही हो, माणसं जिथल्या तिथं राहिली. प्रश्न बोटीचा आला. बोट जुन्या राज्याची का नव्या राज्याची? नागपूरला पत्र गेलं, तिथून ते मुंबईला गेलं म्हणतात. उत्तर येईपर्यंत बोट शेडमध्ये ठेवून साखळी, कुलूप आणि वर लाखेची मोहर. मालकाच्या लेखी हुकमाशिवाय ती पाण्यात उतरवायची नाही!

पावसाळा आला तरी उत्तर आलं नाही. आणि त्या साली नद्या अशा चढल्या की म्हातारे लोकही गप्प झाले. भामरागडकडच्या वाटा केव्हाच तुटल्या होत्या. खालच्या गावांतून ओरडण्याचे आवाज यायचे. वारा फिरला की ऐकू यायचे, वारा फिरला की बंद. मला तर वारा फिरण्याचीच भीती वाटायला लागली.

साहेब शेडपुढे येरझारा घालत होते. ‘हुकूम नाही. मोहर कशी तोडू? उद्या विचारतील, कोणाच्या अधिकारात पाण्यात उतरवली?’

आम्ही तिघं पावसात उभे. पाणी घाटाच्या पायऱ्या चढत चढत वर आलं. शेडच्या दारातून आत शिरलं. आत काहीतरी लाकडावर आपटल्याचा आवाज झाला. मग पुन्हा. पोचमनं फटीतून पाहिलं. बोट साखळीला हिसके देत तरंगत होती!

‘साहेब,’ पोचम म्हणाला, ‘आपन बोट पान्यात नाई टाकली. पानीच बोटीपाशी आलं!’

साहेब खाली वाकले, एक धोंडा उचलला आणि कुलपावर घातला.

*

त्याच पुरात, त्याच दिवशी. एका गावाबाहेर चिंचेचं जुनं झाड, निम्मं पाण्यात. त्यावर एक कुटुंब चढून बसलं होतं. म्हातारी, तिचा मुलगा, सून. मी बोट फांदीखाली आणली आणि हात वर केला. कोणी हलेना.

‘या की! लवकर या!’

म्हातारी हळू आवाजात म्हणाली, ‘बोंबलू नको बापू. फांदीकडं पाह्य.’

मी पाहिलं. फांदीवर साप. एक नाही, दोन नाही. जिथं बघावं तिथं वेटोळी. माणसांच्या मधे, माणसांच्या मागे, सुनेच्या पायाशी. पुरानं त्यांनाही झाडावरच आणून सोडलं होतं. माझ्या हाताच्या वर वीतभर एक काळंभोर तोंड लोंबत होतं. मी हात तसाच वर ठेवला. खाली घ्यायचीही हिंमत होईना. साहेब मागं बसून पुटपुटत होते. स्तोत्र म्हणत होते की नियम, कोणास ठाऊक!

म्हातारी म्हणाली, ‘धक्का नको देऊ. त्यायनं अजून आमाले काई केलं नाई. ते बी भेलेले हायेत.’

एकेक माणूस असं उतरलं, जसं झोपलेल्या लेकराजवळून उठतात. सून, मग मुलगा. शेवटी म्हातारी. बोट सुटली. पार दूर आल्यावर आम्ही सगळ्यांनी श्वास सोडला. म्हातारी मात्र अजून ताठ बसलेली, लुगड्याचा ओचा दोन्ही हातांनी घट्ट धरून.

‘आजी, आता भ्या नको,’ मी म्हटलं. ‘मोकळ्या बसा.’

‘बसतो बापू,’ ती म्हणाली, ‘पन आधी ह्या ओच्यातल्याले पान्यात सोडू दे!’

*

आता शेवटचा सांगतो.

त्या पुराच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही संगमाच्या वरच्या अंगाला होतो. पाऊस इतका की पुढचं दिसत नव्हतं. पोचम एकदम ओरडला. समोरून एका झोपडीचं आख्खं छप्पर तरंगत येत होतं. त्यावर एक बाई पालथी पडलेली, पोटाखाली लेकरू. मी बोट छपराला लावली. बाईचा चेहरा दिसला नाही. ओले केस सगळे तोंडावर चिकटलेले. तिनं दोन्ही हातांनी लेकरू वर केलं आणि पोचमनं ते घेतलं. तेवढ्यात लाट आली, बोट मागं फेकली गेली. मी वळवून परत आणली तेव्हा तिथं पाणी होतं. छप्पर नव्हतं. आम्ही हाका मारत तेल संपत येईपर्यंत फिरलो.

दीड-दोन वर्षांची पोरगी. पूर ओसरल्यावर बाजाराबाजारात दवंडी दिली, वरच्या गावांना निरोप पाठवले. कोणी आलं नाही. छप्पर कुठून वाहत आलं कोण सांगणार? तोवर पोरगी सबनीस साहेबांच्या बंगल्यात, बाईसाहेबांपाशी. त्यांना मूलबाळ नव्हतं.

एक दिवस साहेबांनी वासेकर बाबूंना बोलावलं. खांद्यावर पोरगी झोपलेली, मुठीत साहेबांच्या कोटाचं बटण.

‘वासेकर, बोटीत सापडलेल्या वस्तूबद्दल नियम काय आहे?’

‘मालक नाई आला तर सरकारजमा, साहेब.’

‘बरं. इथं सरकार कोण?’

बाबूंनी इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं. ‘तुमीच, साहेब!’

‘मग जमा करून घ्या,’ साहेब म्हणाले आणि आत गेले.

नाव ठेवलं सुमन. पोरगी फ्रॉक घालून अंगणात पळायला लागली. पण मी सांगतो, त्या घरात तेव्हापासून जी भीती शिरली तशी मी पुरातसुद्धा पाहिली नाही. बंगल्यातून घाट दिसायचा. वरच्या अंगानं एखादा डोंगा आला आणि त्यातून कोणी बाईमाणूस उतरलं, की बाईसाहेब पोरीला उचलून आत जायच्या आणि दार लावून घ्यायच्या. ती बाई बाजाराकडे वळेपर्यंत साहेब ओसरीत उभे, हातातलं विड्याचं पान तसंच. असं पुष्कळ दिवस चाललं. पुढचा पावसाळा गेला, त्याच्या पुढचाही गेला.

मग उन्हाळ्यातल्या एका दुपारी एक बाई आली. डोंग्यातून नाही, पायी, काठाकाठानं. गोंडीण. उभट चेहरा, अंगावर एकच लुगडं, हातात काही नाही. बंगल्याच्या कुंपणाशी येऊन थांबली. सुमन अंगणात मातीत खेळत होती. बाई तिच्याकडे पाहत उभी राहिली. हाक मारली नाही, आत आली नाही.

मी आणि पोचम घाटावर बोट धूत होतो. पोचमचा हात थांबला. बाईसाहेब दारात आल्या आणि तिथंच खिळल्या. या वेळी पोरीला उचलायलाही त्यांचे पाय निघाले नाहीत. साहेब ओसरीवरून खाली उतरले. कुंपणाकडे चालत गेले. एवढं अंतर चालायला त्यांना फार वेळ लागला.

‘बाई,’ साहेब म्हणाले. ‘बाई, ही... ही तुमची का?’

बाईनं सुमनकडे पाहिलं. तिच्या वेणीकडे, पायातल्या पैंजणांकडे. मग दारातल्या बाईसाहेबांकडे पाहिलं, बराच वेळ.

‘नाई,’ ती म्हणाली. ‘माही लहान होती.’

सुमन आपली मातीत खड्डा करत होती.

बाई वळली आणि घाटाकडे आली. तिला पलीकडे जायचं होतं. साहेबांनी मागून माझ्याकडे पाहून नुसती मान हलवली. मी बोट काढली. ती पोचमच्या जवळ, पुढं बसली. सगळी नदी ओलांडेपर्यंत पलीकडच्या काठाकडेच बघत होती. काठ जवळ आला तसं मी इंजिन बंद केलं.

तेव्हा तिनं मागं पाहिलं. बंगल्याकडे नाही, माझ्याकडे.

‘भाऊ, तिले काय नावानं हाका मारते?’

‘सुमन,’ मी सांगितलं.

‘सुमन,’ ती म्हणाली. मग पुन्हा, जरा हळू, ‘सुमन.’

बोट वाळूला लागली. ती उतरली आणि चालायला लागली.